काम आणि गेमिंग दोन्हींसाठी एकच मॉनिटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात आधी काय ठरवायचं?

आकार आणि रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर आडवे-उभे किती पिक्सेल (चित्राचे ठिपके) आहेत. रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, हे हर्ट्झमध्ये) त्यानंतर, पॅनेलचा प्रकार त्याच्याही नंतर, आणि मागचे रंगीत दिवे कधीच नाही. दिवसाचे सहा-आठ तास पडद्यावर अक्षरं असतात, गेम फार तर दोन तास. अक्षरं फुटकी दिसत असतील तर तो त्रास रोजचा. २४० हर्ट्झऐवजी १६५ मिळाले तर आठवड्याभरात विसरायला होतं. शिवाय रिझोल्यूशनचा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. तिथे अंदाज चुकला तर मॉनिटर कितीही चांगला असो, गेम अडखळणारच.

घाईत असाल तर एकच उत्तर: २७ इंची, २५६० × १४४० (म्हणजे १४४०पी), आयपीएस पॅनेल, १४४ ते १८० हर्ट्झ, उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड. ही निवड कधी आणि का सोडायची, ते खालच्या प्रश्नांत आहे.

किती इंचाला कोणतं रिझोल्यूशन बरं?

इंचाला किती पिक्सेल बसतात, म्हणजे पीपीआय, ते पाहा. २४ इंचावर १९२० × १०८० घेतलं तर सुमारे ९२ पीपीआय मिळतात, चालून जातं. तेच १०८०पी २७ इंचावर ताणलं की ८२ उरतात आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसू लागतात. गेमसाठी खपेल, पण दिवसभर एक्सेल किंवा कोड वाचायचा असेल तर २७ इंची १०८०पी घेऊच नका.

२७ इंचावर १४४०पी म्हणजे १०९ पीपीआय. इथे विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी करून दाखवणं) १०० टक्क्यांवर ठेवूनही अक्षरं वाचता येतात, म्हणून हे प्रमाण इतकं रुळलं. ३२ इंचावर १४४०पी घेतलं की पुन्हा ९२ वर येतो. पडदा मोठा होतो, पण त्यावर मावणारा मजकूर तेवढाच राहतो.

४के, म्हणजे ३८४० × २१६०, २७ इंचावर १६३ आणि ३२ इंचावर १३८ पीपीआय देतं. अक्षरं छापील कागदासारखी दिसतात, मात्र स्केलिंग १२५ ते १५० टक्के ठेवावं लागतं. २७ इंची ४के १५० टक्क्यांवर ठेवला की मजकुराला जागा १४४०पी एवढीच मिळते. जागा वाढत नाही, स्पष्टता वाढते. घेण्याआधी हा फरक लक्षात घेतलेला बरा.

मॅक वापरत असाल तर ४के कडे जास्त झुका. २०१८च्या मोहावे आवृत्तीपासून मॅकओएसने अक्षरांना सबपिक्सेल (प्रत्येक पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा भाग) वापरून गुळगुळीतपणा देणं बंद केलं, त्यामुळे कमी पीपीआयच्या पडद्यावर मॅकची अक्षरं विंडोजपेक्षा भुरकट वाटतात.

माझ्या ग्राफिक्स कार्डाला झेपेल का?

प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे गेमच्या एका चित्रात, १०८०पीला सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवायचे असतात, १४४०पीला ३६.९ लाख आणि ४केला ८२.९ लाख. म्हणजे १४४०पीवरून ४केवर गेलात की काम सव्वादोनपट. फ्रेम अगदी त्याच प्रमाणात घटत नाहीत, कारण काही भार प्रोसेसरचा असतो. तरी अंदाज बांधायला हे गणित पुरतं. आज जड गेममध्ये १४४०पीवर सेकंदाला ७० फ्रेम मिळत असतील तर ४केवर ३५-४० धरून चाला.

मॉनिटर अजून आलेला नसला तरी चाचणी घेता येते. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये डीएसआर आणि एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन नावाची सोय असते. ती चालू केली की गेम जास्त रिझोल्यूशनवर तयार होऊन सध्याच्या पडद्यावर दाबून दाखवला जातो. चित्र जुन्याच पडद्यावर असतं, पण फ्रेमचा आकडा बऱ्यापैकी खरा मिळतो.

कामासाठी ४के घेऊन गेम १४४०पीवर चालवले तर?

चालतात, पण रिझोल्यूशन सरळ १४४०पी केलं की चित्र मऊ पडतं. २१६० भागिले १४४० म्हणजे दीड. एका पिक्सेलच्या जागी दीड पिक्सेल रंगवता येत नाही, मग कडा मिसळून दाखवाव्या लागतात. १०८०पीला भागाकार नेमका दोन येतो, तरी बरेच मॉनिटर तिथेही कडा मिसळतात. ड्रायव्हरमधलं इंटिजर स्केलिंग (पिक्सेल फक्त पूर्ण पटीत मोठे करणं) चालू केलं तर ते टळतं.

त्यापेक्षा गेमचं आउटपुट ४केवरच ठेवा आणि डीएलएसएस, एफएसआर किंवा एक्सईएसएस (कमी रिझोल्यूशनवर बनवलेलं चित्र हुशारीने मोठं करणाऱ्या सोयी) चालू करा. क्वालिटी मोडमध्ये आतलं रिझोल्यूशन साधारण १४४०पीच असतं, पण निकाल सरळ १४४०पीपेक्षा बराच चांगला दिसतो. मेनू आणि अक्षरं पूर्ण ४केमध्ये राहतात, हा वरचा फायदा.

१४४ हर्ट्झ पुरे की २४० हवेत?

६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. पहिल्या उडीत जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, दुसरीत तीनही नाहीत. ६० वरून १४४ वर गेल्याचं पाहणाऱ्याला माऊस हलवल्याबरोबर कळतं. १४४ वरून १८० वर गेल्याचं बहुतेकांना सांगावं लागतं.

२४० आणि त्यापुढचे आकडे स्पर्धात्मक नेमबाजीचे गेम गंभीरपणे खेळणाऱ्यांसाठी, आणि तेही कार्ड आणि प्रोसेसर तेवढ्या फ्रेम देत असतील तरच. कामाच्या बाजूने पाहिलं तर लांब पान स्क्रोल करताना अक्षरं वाचता येणं हा जास्त हर्ट्झचा खरा लाभ, आणि तो १२० पर्यंत बराचसा मिळून जातो.

नवा मॉनिटर लावला, पण ६० हर्ट्झच दिसतात. का?

याच क्रमाने तपासा:

१. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट हाताने निवडा. विंडोज पुष्कळदा ६० वरच थांबतं.

२. केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, ते पाहा. मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावली असेल तर प्रोसेसरमधली ग्राफिक्स वापरली जाते आणि गेमही रडतखडत चालतात.

३. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती किंवा ओव्हरक्लॉक असा पर्याय असतो; तो कधीकधी जुन्या आवृत्तीवर ठेवलेला असतो.

४. केबल बदलून पाहा. मध्ये कन्व्हर्टर किंवा डॉक असेल तर आधी तो काढा.

५. गेमच्या सेटिंगमध्ये वेगळा रिफ्रेश रेट किंवा व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी बांधणारी सोय) अडकलेला नाही ना, ते पाहा.

कोणती केबल, कोणतं पोर्ट?

पीसीसाठी शक्यतो डिस्प्लेपोर्ट. १.२ आवृत्तीवर १४४०पी १६५ हर्ट्झ किंवा ४के ६० हर्ट्झ चालतं. १.४ वर ४के १२० हर्ट्झपर्यंत. ४के १४४ साठी डीएससी हे कॉम्प्रेशन लागतं, जे कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही यायला हवं. डीएससीने चित्र बिघडेल ही भीती सोडा, नेहमीच्या वापरात फरक दिसत नाही.

एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट प्रतिसेकंद: ४के ६०, किंवा १४४०पी १४४ हर्ट्झ ८ बिट रंगात. ४के १२० हवं असेल तर २.१ लागतं. इथे एक खाच आहे. खोक्यावर ‘एचडीएमआय २.१’ छापलं म्हणून पूर्ण ४८ गिगाबिट मिळतीलच असं नाही, कारण त्या मानकातली बरीचशी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. म्हणून आवृत्तीचा आकडा सोडा आणि तपशिलात ‘या पोर्टवर कमाल किती रिझोल्यूशन, किती हर्ट्झ’ ही ओळ शोधा. ती ओळच दिली नसेल तर त्या मॉनिटरवर फुली मारायला हरकत नाही.

आयपीएस, व्हीए की ओलेड?

हे पॅनेलचे प्रकार आहेत. खोलीत उजेड भरपूर आणि काम दिवसा असेल तर आयपीएस. कुठल्याही कोनातून रंग जवळपास सारखे दिसतात, अक्षरं स्वच्छ असतात. उणीव कॉन्ट्रास्टची, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातल्या फरकाची: साधारण १०००:१, म्हणजे अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो आणि कोपऱ्यांत फिकट चमक येते.

व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. रात्री चित्रपट आणि संथ गेमसाठी छान. पण स्वस्त व्हीए पॅनेलमध्ये काळ्याकडून करड्याकडे जाणारे पिक्सेल हळू बदलतात, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा फिरवला की वस्तूंमागे काळी शेपटी ओढली जाते. हाच दोष कामातही भेटतो: डार्क मोडमधलं पान स्क्रोल करताना अक्षरं माखल्यासारखी दिसतात.

टीएन पॅनेल दोन्ही कामांसाठी घेण्याचं आता कारण उरलेलं नाही.

ओलेड, ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, गेमसाठी सगळ्यांच्या पुढे, कामासाठी अटींसह. त्याला स्वतंत्र प्रश्न हवा.

ओलेडवर दिवसभर ऑफिसचं काम केलं तर चालेल?

तीन गोष्टी तपासून मग ठरवा. पहिली म्हणजे अक्षरं. ओलेडमध्ये लाल-हिरवा-निळा सबपिक्सेल नेहमीच्या रांगेत नसतात. क्यूडी-ओलेडमध्ये ते त्रिकोणात असतात, तर दुसऱ्या प्रकारात चौथा पांढरा सबपिक्सेल असतो. विंडोजचं क्लिअरटाइप (अक्षरं गुळगुळीत करणारी सोय) साध्या रांगेचा हिशोब धरतं, म्हणून अक्षरांच्या कडेला रंगीत झालर येते. ११० पीपीआयला ती जाणवते, १४० च्या आसपास आणि पुढे बहुतेकांना दिसत नाही. ओलेड घ्यायचाच असेल तर ३२ इंची ४के हा कामाच्या दृष्टीने समंजस पर्याय.

दुसरी गोष्ट उजेडाची. पूर्ण पांढरं पान दाखवताना ओलेड साधारण २५० निटच्या (निट हे उजेडाचं माप) आसपासच थांबतात. खिडकीसमोर बसत असाल तर कमी पडेल. शिवाय क्यूडी-ओलेडवर बाहेरचा उजेड पडला की काळा रंग जांभळट-राखाडी दिसतो.

तिसरी, बर्न-इन, म्हणजे एकाच जागच्या चित्राची कायमची छाप राहणं. टास्कबार, एक्सेलची रिबन, ब्राउझरच्या पट्ट्या या सतत एकाच जागी असतात आणि तिथले पिक्सेल जास्त झिजतात. टास्कबार आपोआप लपू द्या, वॉलपेपर गडद ठेवा, पाच मिनिटांत पडदा बंद होईल असं करा, ब्राइटनेस गरजेपुरता ठेवा. आणि रात्री मुख्य बटण बंद करू नका: पिक्सेलची दुरुस्ती मॉनिटर स्टँडबायमध्ये असतानाच चालते. वॉरंटीत बर्न-इनचा उल्लेख शब्दशः आहे का, ते वाचा. रोज आठ तास एकच स्प्रेडशीट उघडी राहणार असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: आयपीएस घ्या.

‘१ एमएस’ खरं असतं का?

हा पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. एखाद्या ठरावीक रंगबदलाला, ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलावेत म्हणून जोर देणारं सेटिंग) कमाल ठेवून, कदाचित. त्या सेटिंगवर पिक्सेल लक्ष्याच्या पलीकडे जाऊन परत येतात आणि हलत्या वस्तूंमागे उजळ कडा दिसतात. ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवा, बहुतेक मॉनिटरवर तीच सर्वांत बरी. एमपीआरटी (हलतं चित्र किती स्पष्ट दिसतं याचं माप) असं लिहून दिलेला १ मिलिसेकंद बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याची, उघडझाप करून मिळवलेला असतो. त्यात उजेड घटतो, डोळे शिणतात आणि बऱ्याच मॉनिटरवर तो व्हीआरआरबरोबर (फ्रेमप्रमाणे बदलणारा रिफ्रेश रेट) चालतही नाही.

फ्रीसिंक आणि जी-सिंकमध्ये काय निवडायचं?

आता फारसं काही नाही. दोन्हींचं काम एकच: मॉनिटरचा रिफ्रेश रेट कार्डाच्या फ्रेमबरोबर बदलत ठेवणं, म्हणजे चित्र फाटत नाही. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही फ्रीसिंकच्या बहुतेक मॉनिटरवर डिस्प्लेपोर्टवाटे हे करतात.

पाहायचा आकडा म्हणजे व्हीआरआरची मर्यादा. ४८ ते १४४ असेल तर ४० फ्रेमला मॉनिटर तीच फ्रेम दोनदा दाखवून ८० हर्ट्झवर चालतो आणि सगळं सुरळीत राहतं. ४८ ते ७५ असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण दुप्पट करायला वर जागाच नाही. ४८ च्या खाली गेलात की अडखळणं सुरू. वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट, शक्यतो अडीचपट असावा.

व्हीआरआर चालू केल्यावर फ्रेमची मर्यादा कमाल हर्ट्झपेक्षा तीन-पाचने कमी ठेवा, उदाहरणार्थ १४४ ला १४०. व्हीए आणि ओलेडवर लोडिंगच्या वेळी किंवा मेनूत पडदा लुकलुकत असेल तर कारण बहुधा हेच आहे: फ्रेम रेट वरखाली उडाला की उजेडही थोडा बदलतो. त्या गेमपुरतं व्हीआरआर बंद करा किंवा फ्रेमची मर्यादा सहज गाठता येईल एवढी खाली आणा.

एचडीआर ४०० लिहिलं आहे. उपयोग होईल?

एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद यांतला जास्त फरक दाखवणारं चित्र. ४०० वर उपयोग नाही म्हटलं तरी चालेल. डिस्प्लेएचडीआर ४०० साठी ४०० निटची झळाळी पुरते, लोकल डिमिंग (पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद करणं) लागत नाही. मग एकाच पडद्यावर चंद्र तेजस्वी आणि आकाश काळं दिसणार कसं? खरा परिणाम हवा असेल तर असे शेकडो भाग (झोन) असलेला मिनी-एलईडी किंवा ओलेड. ओलेडच्या नावापुढे ‘ट्रू ब्लॅक ४००’ लिहिलेलं असतं. आकडा तोच असला तरी दर्जा वेगळा आहे, दोन्हींत गल्लत करू नका. कामाच्या वेळी विंडोजमधलं एचडीआर बंद ठेवा. विंडोज आणि आल्ट धरून बी दाबलं की ते चालू-बंद होतं. मिनी-एलईडीवर साध्या कामात लोकल डिमिंगही बंद ठेवलेलं बरं, नाहीतर गडद पानावर माऊसभोवती उजेडाचं वलय फिरतं.

रंग फार भडक दिसतात. बिघाड आहे का?

बिघाड नाही. डीसीआय-पी३ या मोठ्या रंगपट्ट्याचे ९५ टक्के रंग दाखवणारा पडदा एसआरजीबी या नेहमीच्या, लहान रंगपट्ट्यात बनवलेले फोटो आणि वेबपानं ताणून दाखवतो. चेहरे लालबुंद होतात. मेनूत एसआरजीबी मोड निवडा. घेण्याआधी एवढं पाहा की त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येतो की कुलूपबंद असतो. काही मॉनिटरमध्ये तो अडकवून ठेवलेला असतो आणि मग तो मोड निरुपयोगी.

उलट, रंग धुरकट आणि काळा राखाडी दिसत असेल तर एचडीएमआयवर कार्ड काळ्या-पांढऱ्याची मर्यादित रेंज पाठवत असेल. ड्रायव्हरमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज फुल करा. रंगीत अक्षरं पसरलेली दिसत असतील तर सिग्नल ४:२:० किंवा ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची माहिती कमी करून, जातो आहे. आरजीबी किंवा ४:४:४ निवडा. तो पर्याय दिसत नसेल तर केबलची क्षमता संपली आहे, हर्ट्झ एक पायरी खाली आणा.

अल्ट्रावाइड बरा की दोन मॉनिटर?

३४ इंची ३४४० × १४४० ची उंची २७ इंचीएवढीच असते, रुंदी तेवढी जास्त. पिक्सेल १४४०पीपेक्षा ३४ टक्के जास्त, कार्डाने ते पेललं पाहिजे. लांबलचक टाइमलाइन, रुंद स्प्रेडशीट, मोकळ्या जगाचे आणि गाड्यांचे गेम यांना शोभतो. काही गेम आणि बहुतेक व्हिडिओंना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. मीटिंगमध्ये पूर्ण पडदा शेअर केला तर समोरच्याला मुंगीएवढी अक्षरं दिसतात. फक्त एकच विंडो शेअर करा.

दिवसभर कॉल आणि कागदपत्रं शेजारी ठेवून काम असेल तर दोन मॉनिटर सोयीचे: मुख्य २७ इंची जलद, बाजूला साधा ६० हर्ट्झचा, हवा तर उभा. पडद्यांची उंची आणि पीपीआय जवळपास सारखे ठेवा, नाहीतर एकावरून दुसऱ्यावर नेताना विंडो लहान-मोठी होत राहते.

वक्र पडदा हवाच का?

२७ इंचापर्यंत नको. ३४ इंचापासून पुढे उपयोग आहे, कारण कडा डोळ्यांपासून दूर जात नाहीत. १८००आर म्हणजे १.८ मीटर त्रिज्येचा बाक, १०००आर म्हणजे १ मीटरचा. आकडा लहान तेवढा बाक जास्त. आराखडे किंवा सरळ रेषांचं काम असेल तर सपाटच घ्या.

लॅपटॉप आणि गेमिंग पीसी दोन्ही एकाच मॉनिटरला कसे जोडू?

लॅपटॉप यूएसबी-सीने, पीसी डिस्प्लेपोर्टने, आणि मॉनिटरमध्ये केव्हीएम (कीबोर्ड-माऊस दोन मशीनमध्ये अदलाबदल करणारी सोय) असेल तर एकच कीबोर्ड-माऊस दोघांना. यूएसबी-सी पोर्ट असून भागत नाही. त्यावर डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड (यूएसबी-सीवरून चित्र पाठवणं) आहे का आणि चार्जिंग किती वॉट देतो, हे पाहा. साध्या ऑफिस लॅपटॉपला ६५ वॉट पुरतात, मोठ्यांना ९० च्या पुढे लागतात. १५ वॉट लिहिलं असेल तर त्यावर फोन चार्ज होईल, लॅपटॉप नाही. पडदा जोडल्यावर यूएसबी पोर्टचा वेग घटला किंवा हर्ट्झ कमी झाले, तर केबलमधल्या वाहिन्या चित्र आणि डेटा यांच्यात वाटल्या गेल्या आहेत. मॉनिटरच्या मेनूत यूएसबी २.० की ३ अशी निवड असते, २.० केलं की चित्राला पूर्ण वाट मिळते.

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सही लावायचा आहे.

दोन्ही कन्सोल फक्त एचडीएमआयवर चालतात. प्लेस्टेशन ५ ला १४४०पी सप्टेंबर २०२२ च्या अपडेटने मिळालं, त्यामुळे १४४०पी मॉनिटर आता अडचणीचा नाही. पण त्याला व्हीआरआर एचडीएमआय २.१ वरच हवं असतं. एक्सबॉक्स सिरीज एक्स फ्रीसिंकही वापरू शकतो. कन्सोल १२० हर्ट्झपर्यंतच जातात.

स्टँड आणि बसण्याचं अंतर यांना इतकं महत्त्व का?

मान त्यांच्यावर अवलंबून असते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, २७ इंचीसाठी अंतर ६० ते ७० सेंटिमीटर. टेबल ६० सेंटिमीटर खोल असेल आणि स्टँडच त्यातले २०-२५ खात असेल, तर ३२ इंची पडदा अगदी नाकासमोर येतो. अशा वेळी आर्म लावा. मॉनिटरच्या मागे ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिलिमीटरची वेसा भोकं आहेत का, आणि स्टँड काढल्यावर मॉनिटरचं वजन आर्मच्या किमान-कमाल मर्यादेत बसतं का, दोन्ही पाहा. किमान मर्यादा लोक विसरतात. पडदा फार हलका असेल तर स्प्रिंगचा आर्म त्याला वर ढकलत राहतो. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावू नका.

मॉनिटर घरी आल्यावर काय तपासू?

परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे सपाट रंग पूर्ण पडद्यावर लावून मेलेले किंवा अडकलेले पिक्सेल शोधा. एखाद्या पिक्सेलवर बदली मिळेलच असं नाही, किती चालतात ते कंपनीच्या धोरणात लिहिलेलं असतं. काळ्या पडद्यावर कोपऱ्यात उजेड दिसला तर डोकं हलवून पाहा: उजेडही सरकला तर ती आयपीएसची नेहमीची चमक, जागचा हलला नाही तर बॅकलाइटची गळती. ही पाहणी नेहमीच्या ब्राइटनेसवर आणि नेहमीच्या अंतरावरून करा. १०० टक्क्यांवर नाक लावून पाहिलं तर कुठलाच आयपीएस पास होणार नाही.

मग ब्राइटनेस उतरवा. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा आणि पांढरं पान कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत खाली या. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि इको मोड बंद, शार्पनेस कंपनीने दिला आहे तिथेच. विंडोजमध्ये क्लिअरटाइपची जुळवणी एकदा करून घ्या, पाच पडद्यांचं काम आहे. खोकं आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत टाकू नका.